रीकॉम्बिनंट सीडी१६ए: नव्या व्हायलमध्ये बँड स्वच्छ, पण फ्यूकोजचा फरकच दिसेना

ओवी_पाषाण

नमस्कार मंडळी. मी पुण्यात पीएचडी करतेय, विषय अँटिबॉडीवरच्या साखरेच्या साखळ्या. सीडी२० (बी पेशींवरचं एक प्रोटीन) विरुद्धची एक आयजीजी१ अँटिबॉडी मी सीएचओ (हॅमस्टरच्या) पेशींमध्ये दोन तऱ्हांनी बनवते. एक नेहमीची. दुसरी बनवताना माध्यमात २-फ्लुओरोफ्यूकोज घालते, म्हणजे तिच्या एफसी भागातल्या (अँटिबॉडीच्या बुंध्यातल्या) साखळीला फ्यूकोज ही साखर जवळजवळ लागतच नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीत दोघींमध्ये दर हेवी चेनमागे १४६ डाल्टनचा फरक दिसतो, म्हणजे फ्यूकोज खरोखर गेलेला आहे. त्याबद्दल मला शंका नाही.

पुढची पायरी एसपीआर, म्हणजे दोन रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात ते चिपवर मोजणं. प्रोटीन ए चिपवर अँटिबॉडी पकडायची आणि वरून माणसाचा रीकॉम्बिनंट सीडी१६ए सोडायचा (एफसी गॅमा रिसेप्टर ३ए, एनके या मारक पेशींवरचा, अँटिबॉडीचा एफसी धरणारा रिसेप्टर; फक्त पेशीबाहेरचा भाग, शेपटीला हिस टॅग). जुन्या व्हायलने फ्यूकोज नसलेली अँटिबॉडी नेहमीच्या अँटिबॉडीपेक्षा दहापटीहून जास्त घट्ट धरली जायची. दर वेळी. ती व्हायल संपली, ग्रँटचे पैसे आटत आले होते, म्हणून दुसऱ्या पुरवठादाराची स्वस्तातली मागवली. या नव्या व्हायलने दोन्ही अँटिबॉडींचे सेन्सरग्राम (बाइंडिंगचे आलेख) जवळपास एकावर एक पडतात. बाइंडिंग नीट होतंय, फरक तेवढा गायब.

मग जेल लावली. जुन्या प्रोटीनचा ४० ते ५० किलोडाल्टनमध्ये पसरलेला धुरकट पट्टा. नव्याचा २२-२४ जवळ एकच बारीक, रेखीव बँड. दोन्हींच्या डेटाशीटवर गणिती वजन सारखंच दिलंय, २२ च्या आसपास. लॅबमध्ये सगळ्यांचं म्हणणं असं की नवं प्रोटीन शुद्ध आहे, जुनं काहीतरी खराब झालेलं होतं आणि मला दिसणारा फरक त्या खराबीतून आला. आणखी एक गोष्ट, जुन्यावर व्ही१५८ लिहिलंय आणि नव्यावर एफ१७६. ही दोन वेगळ्या जागांची म्यूटेशन्स आहेत का?

माझा आतापर्यंतचा सगळा डेटा जुन्या प्रोटीनवर उभा आहे. तो टाकून द्यायचा का, हे मला कुणाला तरी मनापासून विचारायचंय.

चिपचालक

सेन्सरग्राम न बघता एक गोष्ट सांगू शकतो. समजा नव्या व्हायलमधलं निम्मं प्रोटीन मेलेलं आहे. मग तू जे १०० नॅनोमोलर समजून सोडतेस ते प्रत्यक्षात ५० असेल, आणि केडी (पकडीचं माप, जितका कमी तितकी पकड घट्ट) दुप्पट खराब दिसेल. पण तो दोन्ही अँटिबॉडींसाठी सारखाच खराब दिसेल! दोघींचं गुणोत्तर तिथल्या तिथे राहील. तुझं गुणोत्तरच कोसळलंय. तेव्हा प्रोटीन किती जिवंत आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो, मूळ प्रश्न ते कोणतं प्रोटीन आहे हा.

अँटिबॉडी किती आरयू (चिपवरच्या सिग्नलचं एकक) पकडतेस? ५०० च्या पुढे गेली असशील तर कमी कर. आणि आरमॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणारा सिग्नल, काढून बघ: पकडलेले आरयू गुणिले रिसेप्टरचं वजन भागिले १५०. एका एफसीवर एकच रिसेप्टर बसतो, त्यामुळे दोनाने गुणायचं नाही. ५०० आरयू पकडले आणि रिसेप्टर खरोखर २२ किलोडाल्टनचा असला तर आरमॅक्स ७३ च्या आसपास येईल. जुन्या व्हायलने किती यायचा?

प्रोटीन ए बद्दल कुणी शंका काढण्याआधी: प्रोटीन ए एफसीच्या सीएच२-सीएच३ सांध्याला धरतं, सीडी१६ए वर हिंजच्या बाजूला बसतो. एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. तुझी मांडणी चालेल.

शर्करावेल

ओवी, डेटा टाकू नकोस. जुनं प्रोटीन खराब नव्हतं.

मी मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत बरीच वर्षं अँटिबॉडीवरच्या साखळ्या मोजण्यात काढली. आता ठाण्यात घरीच असते, पण या रिसेप्टरचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. 'बँड स्वच्छ म्हणजे प्रोटीन चांगलं' हे वाक्य लॅबमध्ये इतक्या ठामपणे म्हटलं जातं की नवी मुलं स्वतःच्याच निकालांवर शंका घ्यायला लागतात. या प्रोटीनच्या बाबतीत ते वाक्य चुकीचं आहे.

सीडी१६ए च्या बाहेरच्या भागात दोनशेच्याही आत अमिनो आम्लं आहेत आणि त्यांवर साखळी लागायच्या पाच जागा: ३८, ४५, ७४, १६२ आणि १६९ क्रमांकांची अ‍ॅस्परजिन. डेटाशीटवरचं २२ हे नुसत्या अमिनो आम्लांचं वजन. एचईके२९३ सारख्या माणसाच्या पेशीत प्रोटीन बनलं की दर साखळीमागे दोन-अडीच किलोडाल्टन वाढतात, म्हणजे खरं वजन ३३-३५ च्या घरात जातं. जेलवर ते आणखी वर दिसतं, कारण साखळ्यांना एसडीएस चिकटत नाही आणि रेणू मागे रेंगाळतो. शिवाय दोन रेणूंवरच्या साखळ्या कधी सारख्या नसतात. एकावर दोन फांद्या, दुसऱ्यावर तीन, कुठे टोकाला सियालिक आम्ल, कुठे नाही. पट्टा पसरतो तो यामुळे. तुझ्या जुन्या लेनमधला धुरकटपणा म्हणजे या साखळ्याच.

नवा बँड गणिती वजनाच्या जागी बसलाय, म्हणजे त्याच्यावर साखळ्या नाहीत. माझा अंदाज, ते ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं आहे. ई. कोलायला या साखळ्या लावता येत नाहीत. व्हायलसोबतच्या कागदावर 'होस्ट' किंवा 'सोर्स' अशी ओळ असते, ती शोध आणि इथे सांग.

आता फरक का गेला ते. आयजीजीच्या एफसीमध्ये २९७ क्रमांकाच्या अ‍ॅस्परजिनवर एक साखळी असते आणि फ्यूकोज तिच्या बुडाशी, अगदी पहिल्या साखरेला लागलेला असतो. रिसेप्टर येऊन बसतो तेव्हा त्याची १६२ वरची साखळी नेमकी तिथेच येऊन टेकायला बघते. एसटीत खिडकीच्या जागेवर कुणी रुमाल टाकून ठेवावा तसा फ्यूकोज ती जागा अडवून ठेवतो. फ्यूकोज नसला की रिसेप्टरची साखळी आणि अँटिबॉडीची साखळी एकमेकींना भिडतात, त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात आणि पकड घट्ट होते. म्हणजे तू अँटिबॉडीवरून फ्यूकोज काढतेस खरी, पण त्याचा फायदा मिळतो तो रिसेप्टरवरच्या साखळीतून. ती साखळीच नसेल तर फ्यूकोज असला काय आणि नसला काय.

याचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडा सांगते. २००० साली ज़ोंडरमान, ह्यूबर आणि सहकाऱ्यांनी आयजीजी१ चा एफसी आणि एफसी गॅमा रिसेप्टर ३ यांच्या जोडीची स्फटिकरचना नेचरमध्ये छापली, ३.२ अँगस्ट्रॉमची. त्यातला रिसेप्टर ई. कोलायचा होता, तुझ्या नव्या व्हायलसारखाच साखळ्या नसलेला. एका एफसीवर एकच रिसेप्टर, तोही दोन हेवी चेनच्या मध्ये हिंजखाली बसतो, हे त्या रचनेतून कळलं. तेव्हा ई. कोलायचा रिसेप्टर टाकाऊ असतो असं मी कधीच म्हणणार नाही. नीट घडी बसवलेला असेल तर तो अँटिबॉडीला धरतो. पण साखळ्या नसल्यामुळे फ्यूकोजची गोष्ट त्या रचनेत दिसणं शक्यच नव्हतं.

२००२ मध्ये शील्ड्स आणि सहकाऱ्यांनी फ्यूकोज नसलेली आयजीजी१ या रिसेप्टरला ५० पटीपर्यंत जास्त घट्ट बसते हे दाखवलं. असं का, हे कोडं काही वर्षं राहिलं. २००६ मध्ये क्लाउडिया फेरारा आणि सहकाऱ्यांनी रिसेप्टरचं १६२ वं अ‍ॅस्परजिन बदलून तिथली साखळीच घालवली, आणि फ्यूकोज काढण्याचा फायदा नाहीसा झाला. तुझ्या सेन्सरग्राममध्ये आज जे दिसतंय ते हेच. त्याच कामात असंही दिसलं की १६२ ची साखळी नसली तर नेहमीच्या, फ्यूकोज असलेल्या अँटिबॉडीशी पकड थोडी वाढते. म्हणजे ती साखळी फ्यूकोजला अडखळत होती. जुन्या आणि नव्या व्हायलचे तुझे नेहमीच्या अँटिबॉडीचे केडी शेजारी ठेवून बघ, काही लागतंय का. आणि २०११ मध्ये त्याच गटाने साखळ्यांसह रचना काढली, त्यात दोन साखळ्यांची भेट डोळ्यांनी दिसली. तुझ्या लॅबमधल्या मंडळींना २००६ आणि २०११ चे हे दोन पेपर छापून दे. पीडीएफ पाठवलेल्या कुणी उघडत नाही.

आता १५८ आणि १७६. जागा एकच. सिग्नल पेप्टाइडसकट पहिल्या अमिनो आम्लापासून मोजलं की जुन्या क्रमांकात १८ ची भर पडते. याच हिशेबाने १६२ ची साखळी डेटाबेसमध्ये १८० वर सापडेल, गोंधळू नकोस. व्ही म्हणजे त्या जागी व्हॅलिन, एफ म्हणजे फेनिलअ‍ॅलनिन. दोन्ही प्रकार माणसांमध्ये सर्रास आढळतात, म्हणून याला म्यूटेशन न म्हणता पॉलिमॉर्फिझम म्हणायचं. व्हॅलिनवाला जरा घट्ट धरतो.

पण तुझा फरक त्यामुळे गेलेला नाही. ब्रून्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोजलेल्या बंधांवरून केडी काढला तर आयजीजी१ साठी व्ही प्रकाराचा सुमारे ०.५ मायक्रोमोलर आणि एफ प्रकाराचा सुमारे ०.८५ येतो. दुप्पटही नाही. शिवाय साखळ्या शाबूत असतील तर एफ प्रकारालाही फ्यूकोज नसलेली अँटिबॉडी जास्त घट्ट बसते. दहापटीचा फरक पुसून टाकणं या एका अमिनो आम्लाच्या आवाक्यातलं नाही.

एवढ्याशा फरकाची पर्वा कशाला, असंही वाटेल. ती करावी लागते. २००२ मध्ये फ्रान्समध्ये कार्ट्रोन आणि सहकाऱ्यांनी फॉलिक्युलर लिम्फोमाच्या ४९ रुग्णांना रिटुक्सिमॅब (सीडी२० विरुद्धचीच अँटिबॉडी) देऊन बघितलं. दोन्ही जनुकप्रती व्ही असलेल्यांमध्ये १२ महिन्यांनी ९० टक्के रुग्णांना गुण होता, एफ असलेल्यांमध्ये ५१ टक्के. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं ठळक आलं नाही, तरी फ्यूकोज काढून अँटिबॉडीची पकडच वाढवावी या कल्पनेला त्या आकड्यांनी मोठं बळ दिलं. २०१२ मध्ये जपानमध्ये मोगॅम्युलिझुमॅब आणि २०१३ मध्ये अमेरिकेत ओबिनुटुझुमॅब मान्य झाली, त्या याच वाटेवरच्या अँटिबॉडीज. तू जे मोजतेस त्याच्या पलीकडच्या टोकाला रुग्ण आहे, ओवी. म्हणून म्हणते, कुठल्या रिसेप्टरवर मोजलं हे निसटू देऊ नकोस.

ओवी_पाषाण

ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'ई. कोलाय, इन्क्लुजन बॉडीजमधून रिफोल्ड केलेलं' (म्हणजे जिवाणूतल्या गुठळ्यांतून काढून पुन्हा घडी बसवलेलं) असं लिहिलंय. मी पुढची बाजूच वाचत होते. नेहमीच्या अँटिबॉडीचा केडी नव्या व्हायलने खरंच थोडा सुधारलेला दिसतोय.

चिपचालक सर, जुन्या व्हायलचा आरमॅक्स तुमच्या आकड्यापेक्षा बराच जास्त यायचा आणि मी त्याचं कारण शोधत होते. आता लक्षात येतंय, रिसेप्टर २२ चा नव्हताच.

फ्रीझरमध्ये जुन्याचा एक शेवटचा अ‍ॅलिकॉट (छोटा वाटा) सापडलाय. त्याच्या साखळ्या पीएनगेज एफ या एन्झाइमने कापून जेलवर आणि एसपीआरवर दाखवता येईल का? पेपर छापून दिलेच आहेत, पण आमच्या सरांना स्वतःच्या लॅबमधला निकाल बघायला आवडतो.

शर्करावेल

सरांचं बरोबर आहे.

जेलसाठी सोपं आहे. थोडं प्रोटीन एसडीएस आणि डीटीटी घालून १०० अंशांवर १० मिनिटं ठेव. थंड झालं की एनपी-४० घालायचं. हे चुकवायचं नाही, कारण एसडीएस एन्झाइमलाच मारतं आणि एनपी-४० त्याला आवरतं. मग पीएनगेज एफ, ३७ अंश, एक तास. धुरकट पट्टा खाली येऊन २२ च्या आसपास गोळा व्हायला हवा, तुझ्या नव्या बँडच्या शेजारी. एक लेन नुसत्या एन्झाइमची नक्की लाव. पीएनगेज एफ स्वतः ३६ किलोडाल्टनच्या जवळ दिसतं, आणि त्या बँडला 'अर्धवट कापलेला रिसेप्टर' समजून मीटिंगमध्ये वाद घालणारे लोक मी पाहिलेत.

एसपीआरसाठी मात्र शेवटचा अ‍ॅलिकॉट खर्चू नकोस. तिथे प्रोटीन घडीत हवं, म्हणजे एसडीएस नाही, उकळणं नाही. अशा अवस्थेत पाचही जागा सारख्या उघड्या नसतात. रात्रभर ठेवूनही काही साखळ्या उरतात, आणि कुठल्या उरल्या हे तुला कळणार नाही. शिवाय पीएनगेज एफ साखळी काढताना अ‍ॅस्परजिनचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल करतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एन्झाइम नमुन्यात राहिलं तर ते चिपवरच्या अँटिबॉडीची २९७ वरची साखळीही कुरतडू शकतं. निकेल कॉलमवर रिसेप्टर पकडून एन्झाइम धुवून टाकता येईल, हिस टॅग आहेच, पण एका अ‍ॅलिकॉटमध्ये एवढं करून हाताशी काय उरणार?

त्यापेक्षा एचईके२९३ मधला नवा रिसेप्टर मागव. तोपर्यंत ई. कोलायची व्हायल फेकू नकोस. साखळ्या नसलेला रिसेप्टर तुझ्या हाती आयता आलाय. पेपरमध्ये दोन रिसेप्टर, दोन अँटिबॉडी अशी चौकट मांड. चार खणांपैकी एकाच खणात घट्ट पकड दिसेल. परीक्षक दुसरं काही मागणार नाही. फक्त दोन्ही रिसेप्टर एकाच प्रकारचे घे, दोन्ही व्ही किंवा दोन्ही एफ, नाहीतर तो खुसपट काढेल आणि ते योग्यच असेल.

लॉट_तपासनीस

धागा आवडला. मी क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे, बायोसिमिलरचं, म्हणजे मूळ जैविक औषधाशी जुळणाऱ्या प्रतींचं काम. आमच्याकडे हा रिसेप्टर रोजच्या वापरातला, म्हणून थोडी भर.

नवी व्हायल, मग ती त्याच पुरवठादाराचा पुढचा लॉट का असेना, जुनी संपण्याआधी यायला हवी. एकाच दिवशी, एकाच चिपवर, जुना लॉट आणि नवा लॉट, समोर तीच संदर्भ अँटिबॉडी. आम्ही दोन संदर्भ ठेवतो, एक फ्यूकोज भरपूर असलेली आणि एक कमी असलेली. नुसता केडी जुळला म्हणून लॉट पास होत नाही, दोघींमधलं गुणोत्तरही जुळावं लागतं. ओवीच्या बाबतीत नेमकं तेच तुटलं होतं.

मागवताना बघायच्या गोष्टींत माझी एक: 'ए' की 'बी'. सीडी१६बी हा न्यूट्रोफिलवरचा भाऊ, बाहेरचा भाग जवळजवळ तसाच, आणि कॅटलॉगमध्ये दोघे शेजारी नुसत्या 'सीडी१६' नावाखाली असतात. १२९ व्या जागी ए मध्ये ग्लायसिन आणि बी मध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्ल, एवढं तपासलं तरी ओळख पटते (डेटाबेसच्या मोजणीत १४७).

दुसरं म्हणजे एसपीआरसाठी कॅरिअर-फ्री, म्हणजे भर म्हणून दुसरं प्रोटीन न घातलेली व्हायल मागवा. बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घातलेली व्हायल साठवायला बरी, पण चिपवर आणि बायोटिन लावताना ते बीएसए त्रास देतं. पावडर असेल तर उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, बऱ्याचदा ती झाकणाला चिकटलेली असते. कागदावर दिलेल्या द्रवातच, दिलेल्या कॉन्सन्ट्रेशनला विरघळवा, हळू हलवा, व्होर्टेक्स नको. मग एका रनला पुरतील एवढे अ‍ॅलिकॉट करून उणे ८० ला. वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही.

आणि ताई म्हणतात ते रुग्णापर्यंत जाणं आम्ही जवळून पाहतो. २०१७ मध्ये एक काम छापून आलं, मूळ ट्रॅस्टुझुमॅब या कर्करोगावरच्या अँटिबॉडीच्याच बाजारातल्या लॉट्समध्ये काही काळ फ्यूकोज नसलेल्या साखळ्यांचं प्रमाण सरकलेलं होतं आणि एडीसीसीही (अँटिबॉडी चिकटलेली पेशी मारक पेशींकडून मारली जाणं) त्याबरोबर बदललेली. ते पकडलं गेलं त्यात या रिसेप्टरशी होणाऱ्या बाइंडिंगचा वाटा होता. आपल्याकडे रिटुक्सिमॅबचं बायोसिमिलर २००७ पासून आहे आणि सिमिलर बायोलॉजिक्सची नियमावली २०१२ ची, २०१६ मध्ये सुधारलेली. मूळ औषधाशी जुळतं हे दाखवायचं असेल तर ही मोजणी टाळता येत नाही. ती साखळ्या नसलेल्या रिसेप्टरवर केली तर सगळेच लॉट एकमेकांशी जुळतील!

ओवी_पाषाण

जेल झाली. पट्टा खाली आला, नव्या बँडच्या जवळजवळ रांगेत. एन्झाइमचा बँडही बरोबर ३६ ला दिसला, आणि सरांनी पहिल्यांदा त्यावरच बोट ठेवलं! लेन दाखवल्यावर प्रश्न मिटला. एचईकेच्या व्हायलची मागणी त्यांनी स्वतः सही करून पाठवली.

शेवटचा प्रश्न. एचईके ही मूत्रपिंडातून आलेली पेशीमालिका. रक्तातल्या एनके पेशीवर जो सीडी१६ए असतो, त्याच्यावरच्या साखळ्या अशाच असतात का? म्हणजे मी आता जे मोजेन ते शरीरात घडतं तसं मानायचं का?

शर्करावेल

अशाच नसतात. हा प्रश्न तू विचारलास याचा मला खरंच आनंद झाला, कारण मी काम करायचे तेव्हा तो फारसा कुणी विचारत नसे.

अमेरिकेत अ‍ॅडम बार्ब यांच्या गटाने दात्यांच्या रक्तातल्या एनके पेशींवरून सीडी१६ए काढून त्याच्या साखळ्या जागेनुसार तपासल्या. एचईकेमधल्या रिसेप्टरवर बऱ्याच फांद्यांच्या, पुढपर्यंत प्रक्रिया झालेल्या साखळ्या असतात. एनके पेशीवरच्या त्या मानाने साध्या आणि कमी फांद्यांच्या, काही जागांवर तर अर्ध्यात थांबलेल्या, मॅनोज उरलेल्या. त्यांनी असंही दाखवलं की रिसेप्टरवर मॅनोजच्या साखळ्या असल्या की अँटिबॉडी जास्त घट्ट बसते. म्हणजे १६२ वर साखळी आहे की नाही एवढ्यावर हे थांबत नाही, कोणती साखळी आहे हेही बंधात उतरतं.

तेव्हा तुझा एचईकेचा केडी 'शरीरातला केडी' म्हणून लिहू नकोस. दोन अँटिबॉडींची तुलना म्हणून लिही, तिथे तो भक्कम आहे. हौस आणि पैसे असतील तर एचईके पेशींना किफुनेन्सिन (साखळीवरची पुढची प्रक्रिया रोखणारं रसायन) देऊन मॅनोज साखळ्यांचा रिसेप्टर बनवता येतो, किंवा जीएनटी-१ हे साखळी पुढे वाढवणारं एन्झाइम नसलेल्या एचईके२९३एस पेशींत, तिथे सगळ्या साखळ्या पाच मॅनोजवर थांबतात. सीएचओ जोपासणाऱ्या मुलीला हे अवघड जाणार नाही. स्वतः बनवलास तर हिस टॅग मागच्या टोकालाच ठेव. ते टोक पेशीत पडद्याकडे असतं, त्यामुळे अँटिबॉडी धरणारी बाजू मोकळी राहते.

आणि पेपरच्या पद्धती विभागात रिसेप्टरबद्दल नुसतं 'माणसाचा रीकॉम्बिनंट सीडी१६ए' लिहून सोडू नकोस. कुठून कुठपर्यंतची अमिनो आम्लं, १५८ ला काय आणि कुठल्या मोजणीने, कोणत्या पेशीत बनवला, टॅग कुठे, लॉट कोणता, आणि नॅनोमोलर काढताना वजन कोणतं धरलं. प्रोटीनचं प्रमाण २८० नॅनोमीटरवर मोजून काढलेलं असेल तर अमिनो आम्लांचंच वजन धरायचं, कारण साखळ्या तिथे प्रकाश शोषत नाहीत. आरमॅक्सच्या गणितात मात्र साखळ्यांसकटचं घ्यायचं.

एचईकेची व्हायल आली की पहिला रन जुन्या अ‍ॅलिकॉटच्या शेजारी लाव. त्यासाठीच मी तो तुला वाचवायला सांगितला.